लाल समुद्रावरची टिकली

ही हकिगत सांगायचं मी आजवर टाळत आलो. चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं राहायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी सांगायचो: तरुणपणी सुटलेली तंबाखू, बायकोचं पोटाचं ऑपरेशन, पेन्शनच्या कागदांसाठी मारलेल्या खेपा आणि त्यात देवानं केलेली मदत. लोक आमेन म्हणायचे, मी खाली बसायचो. खरी साक्ष पोटातच राहायची. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. जिच्यासमोर हे बोलायला हवं होतं ती बाई राहिलेली नाही. तेव्हा निदान कागदावर तरी खोटं राहू नये.

मी ठाण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. निवृत्तीनंतर डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं राहतो. आमचं घराणं नगरकडचं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. रविवारची उपासना कल्याणला, आणि बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी घरसभा. दहा-बारा माणसं यायची. गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची, शेवटी चहा. वडीलधारा म्हणून वचन मी सांगायचो.

शाळेतून निघताना जगाचा एक जुना नकाशा मला मिळाला होता, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. तो मी बाहेरच्या खोलीत टांगला. साथीच्या वर्षांत, दार लावून घरात बसलेलो असताना, मला त्याचा उपयोग सुचला. शेवटच्या काळाची जी चिन्हं प्रभूने सांगितली, ती नकाशावर दाखवायची. लढाई झाली की त्या देशावर लाल टिकली. भूकंपाला काळी. रोगाला पिवळी, दुष्काळाला चॉकलेटी. बायकांच्या कपाळावरच्या टिकल्या. कल्याणच्या बाजारात ठोक दुकानात पाकिटं मिळायची. साथ ओसरून घरसभा पुन्हा भरू लागली तोवर निम्मा नकाशा भरला होता.

दुकानदार हसायचा. "सर, या वयात एवढ्या टिकल्या? घरी सांगू का?"

बायको हसायची नाही. ती म्हणायची, "आमच्या आईनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा कपाळ पुसलं. आणि जावई पाकिटंच्या पाकिटं घरी आणतोय."

मला त्या नकाशाचा अभिमान होता. बुधवारी मी लाकडी पट्टी घेऊन उभा राहायचो आणि चौथीच्या वर्गाला नद्या दाखवाव्यात तसे मेलेले लोक दाखवायचो. "इथे चाळीस हजार. इथे गावच्या गाव. पाहा, वचन कसं पूर्ण होतंय!" आणि समोरची चांगली, साधी माणसं, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या वाटेला जाऊन त्रास दिला नाही, ती म्हणायची, "देवाची स्तुती असो." पडलेल्या घरांसाठी देवाची स्तुती. आज ते शब्द आठवले की जिभेवर कडू थुंकी येते.

मी दिवसभर फोनवर तेच पाहत असे. जळणारी शहरं, ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक पाय, आणि मागे कुणीतरी लावलेलं भक्तिसंगीत. मी ते पुढे पाठवायचो, खाली लिहायचो, "जागे राहा." हे भयाने केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मला ते आवडत होतं. वाईट बातमीच्या सकाळी माझ्या चालण्यात जोर असायचा. बायकोनं एकदा पोहे समोर ठेवता ठेवता विचारलं, "कुठे मेली का माणसं? खूश दिसताय."

मी रागावलो. म्हटलं, "तुला आत्मिक गोष्टी कळत नाहीत."

"मला पोहे कळतात. गार होतायत," ती म्हणाली.

समोरच्या दाराला राहणारे गृहस्थ बौद्ध, माझ्याच वयाचे, छापखान्यात आयुष्य गेलेलं. पेपरची अदलाबदल करायला यायचे. नकाशासमोर उभे राहून त्यांनी एकदा सगळ्या टिकल्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, "सर, यात कुठे कुणी वाचलं, कुणी कुणाला पाणी दिलं, त्याला कुठला रंग?" मी म्हटलं, तो विषय वेगळा. ते "बरं" म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

आता त्या बाईविषयी.

ती ठाकुर्लीला राहायची. विधवा, एका प्रसूतिगृहात आया. सकाळची पाळी संपवून, हाताला डेटॉलचा वास घेऊन ती बुधवारी यायची, दाराजवळ बसायची आणि सभा संपली की न सांगता कप विसळायची. एकच मुलगा. लहानपणी तो माझ्या संडे स्कूलच्या वर्गात होता. पुढे मालवाहू जहाजावर लागला, इंजिन रूममध्ये. सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. तो घरी असला की ती घरसभेला थोडी उशिरा यायची आणि तिच्या अंगाला तळलेल्या मासळीचा वास असायचा. आम्ही ओळखायचो.

त्या सुमाराला लाल समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. मी तर हरखूनच गेलो होतो. लाल समुद्र म्हणजे शास्त्रातलं, आमच्या बायबलातलं ठिकाण! त्यावर टिकली लावायला जागा इतकी अरुंद की मी मुद्दाम सगळ्यात लहान मापाचं पाकीट आणलं. त्या आठवड्याच्या बुधवारी मी तासभर बोललो होतो: विश्वासणारा समुद्र पाहून मागे फिरत नाही, भितो तो आपला नव्हे. फार चांगलं बोललो होतो. लोकांनी तसं सांगितलंही.

पुढच्या बुधवारी ती आली ती चप्पलही न काढता दारात उभी राहिली.

"सर, पोराचा फोन आलेला. त्यांचं जहाज त्याच रस्त्यानं जाणारे. कंपनी म्हणते ज्याला नाही जायचं त्यानं लिहून द्यायचं. पुढच्या बंदरात उतरवतील, घरी पाठवतील. उद्या सकाळपर्यंत सांगायचंय त्याला."

"मग तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई, तू सांग. त्याला भीती वाटतेय, सर. बोलत नाही, पण मला कळतं ना. बोलवू का परत?"

आमच्याकडे वचनपेटी असते, बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते. लहानसा डबा, त्यात गुंडाळी करून ठेवलेल्या कागदाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एकेक आश्वासन. नवीन वर्षाच्या सकाळी सगळे एकेक काढतात. आणि कुणी पेचात सापडलं तर प्रार्थना करून वडीलधाऱ्यानं त्याच्यासाठी काढायचं. जे निघेल ते देवाचं उत्तर मानायचं. चर्चच्या पाळकसाहेबांना ही रीत फारशी पसंत नव्हती. पण घराघरांत चालायची, आणि आमच्या घरसभेत माझ्या हातानं काढलेल्या वचनाला मान होता.

मी म्हटलं, "आपण प्रभूलाच विचारू."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मोठ्यानं प्रार्थना केली आणि प्रार्थना चालू असतानाच पेटीत हात घातला. पट्टी उलगडली. पारध्याच्या जाळ्यातून पाखरू निसटावं तसे आम्ही निसटलो, जाळं तुटलं, अशा अर्थाचं वचन होतं.

याहून स्पष्ट उत्तर काय असणार? पोराला घरी बोलव. पण ते वाचून दाखवलं असतं तर मागच्या बुधवारचं माझं भाषण पडलं असतं. नकाशासमोर बसलेल्या दहा माणसांना वाटलं असतं की सर एक सांगतात आणि प्रभू दुसरं. माझ्या तोंडून प्रार्थनेचे शब्द वाहत होते, आणि माझा अंगठा ती पट्टी गुंडाळून परत पेटीत ढकलत होता. दुसरी काढली. ती भाकरीबद्दल, उपयोगाची नव्हती. तीही परत टाकली. तिसरी काढली. तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत, विस्तवातून चाललास तरी तू भाजणार नाहीस, अशा अर्थाचं. मी "आमेन" म्हटलं आणि ती वाचली.

खोलीत एकदम सुस्कारा उठला. कुणीतरी हालेलुया म्हणालं. तिनं ती पट्टी माझ्या हातातून घेऊन डोळ्यांना लावली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मुलाला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"अरे, वचन निघालं बघ. सरांनी काढलं. ऐक." तिनं वाचून दाखवलं, एक शब्द अडला तो मी सांगितला.

मग तो म्हणाला, "सर म्हणतायत जा म्हणून?"

"सर नाही रे, प्रभू म्हणतोय."

"बरं. ठीक आहे मग. जेवलीस का?"

लोक गेल्यावर कप आवरताना बायको म्हणाली, "आज प्रार्थना लांबली जरा. पेटीत एवढं काय चाचपत होता?"

तिने डोळे मिटलेले नव्हते. मी खुर्च्या जागेवर लावू लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि हे आमच्या संसारात फार क्वचित घडलं आहे.

तीनेक आठवड्यांनी, सकाळचा चहा घेत असताना टीव्हीवर बातमी आली. त्या समुद्रात एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, इंजिन रूमला आग, काही खलाशी बेपत्ता. पडद्यावर समुद्रातून उठणारा काळा धूर. आणि मी काय केलं, तर कप खाली ठेवला आणि सवयीनं टेबलाच्या खणात हात घातला. टिकल्यांच्या पाकिटाला. एक टिकली बोटाला चिकटवून नकाशापर्यंत गेलोसुद्धा.

मागून बायको म्हणाली, "लावा. थांबलात का? त्या टिकलीखाली कोण आहे ते माहितीये ना?"

जहाजाचं नाव मला तिनं वाचून दाखवलं. मी ते ऐकलेलं होतं, पण ध्यानात ठेवलं नव्हतं. मला देश ध्यानात राहत, जहाजं नाहीत.

तीन दिवस काही कळलं नाही. त्या तीन दिवसांत मी ठाकुर्लीला तिच्या घरी बसून होतो, कारण न जाणं शक्य नव्हतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची, मला धीर द्यायची. हो, ती मला. "सर, वचन आहे ना आपल्याकडे," म्हणायची. पट्टी तिनं प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत खोवली होती. मी त्या आरशाकडे बघू शकत नव्हतो.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलगा जिवंत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्याच्याबरोबर ड्यूटीवर असलेला दुसरा माणूस, दुसऱ्याच कुठल्या देशाचा, वयानं मोठा, तो गेला होता.

तो परत आला, दवाखाने झाले, आणि मंडळीत एका रविवारी त्याची साक्ष ठेवली गेली. ठेवली गेली म्हणजे मीच ठेवायला लावली. आजही मला याचीच सर्वांत जास्त किळस येते. वचनाची पट्टी बदलताना एक क्षणाची फुशारकी होती असं म्हणता येईल. साक्षीची तयारी मी आठवडाभर केली. पाळकसाहेबांना फोन केले, कुणी कुठलं गीत म्हणायचं ते ठरवलं. दोन देवळांतून, म्हणजे आजूबाजूच्या चर्चमधून, पाहुणे बोलावले. मीच त्याची ओळख करून दिली. वचनाचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं. माझा आवाज भरून आला होता, आणि तो मी मुद्दाम भरून आणला नव्हता, हे त्याहून वाईट. मला माझं खोटं खरं वाटू लागलं होतं.

तो उभा राहिला. हातांवर पट्ट्यांचे मोजे. तो फार कमी बोलला.

"शिडीजवळ आम्ही दोघं होतो. त्यानं मला वर ढकललं. मी वर आलो, तो आला नाही. त्याच्या केबिनमध्ये त्याच्या आईचा फोटो होता. ती कुठल्या देवाची प्रार्थना करते, मला माहीत नाही. तिच्यासाठी कुणी वचन काढलं होतं का, तेही माहीत नाही. एवढंच."

देऊळभर कुणी हललं नाही. ती शांतता तशीच राहिली असती तर कदाचित आम्ही सगळेच सुधारलो असतो. मी माइक घेतला आणि म्हणालो, "देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत." टाळ्या पडल्या. टाळ्या! एका माणसाच्या मरणावर मी झाकण ठेवलं आणि लोक टाळ्या वाजवत होते, आणि पहिल्या बाकावर ती रडत, हसत, टाळ्या वाजवत होती.

बाहेर चहाच्या टेबलाशी तो माझ्याजवळ आला. "सर, त्या पट्टीवर विस्तवाचंही लिहिलंय. वाचलंत ना तुम्ही?" त्यानं हात वर करून दाखवले. हसत होता. मी म्हटलं, "जीव वाचला, बेटा." तो म्हणाला, "हो ना, एकाचा," आणि ऐकू न येणारा कान माझ्याकडे करून उभा राहिला.

नकाशा मी लगेच काढला नाही. त्यालाही सहा महिने लागले. एका दुपारी शास्त्राचा तोच अध्याय वाचत होतो ज्याच्या आधारावर सगळा नकाशा उभा होता. शेकडो वेळा वाचलेला. लढायांचं, भूकंपांचं, दुष्काळांचं मी पट्टीनं दाखवायचो. पण त्याच अध्यायात, थोडं पुढे, प्रभू म्हणतो की असं होईल तेव्हा पळा. डोंगरांकडे पळा, घरातलं सामान घ्यायला थांबू नका. आणि त्या दिवसांत गर्भार असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बायकांचं कसं होईल, म्हणून तो हळहळतो. त्याचं सगळं लक्ष पळणाऱ्यांकडे आहे. थंडीत पळावं लागू नये म्हणून प्रार्थना करा, म्हणतो. इतक्या बारीक काळजीनं बोलणाऱ्याच्या तोंडी मी माझा आनंद घातला होता. पळा, असं तो म्हणत होता, आणि पळू पाहणाऱ्या एका पोराला मी त्याच्याच नावानं आगीत पाठवलं.

नकाशा उतरवला. टिकल्या कापडाला घट्ट चिकटल्या होत्या, खरवडताना देशच्या देश निघून आले. बायकोनं तो गुंडाळून भंगारवाल्याला दिला आणि हात साबणानं दोनदा धुतले.

घरसभा आता दुसऱ्या एका घरी भरते. तिथे कागदी नकाशा नाही, मोठा टीव्ही आहे. मी मागे बसतो. नव्या लढाया सुरू झाल्या आहेत, नवे तरुण हौशीनं चित्रफिती दाखवतात, बॉम्ब पडतो आणि कुणीतरी "वचन पूर्ण होतंय!" म्हणतं. मला उठून जावंसं वाटतं. मी उठत नाही. हे त्यांना मीच शिकवलं आहे.

तिला सांगायचं मी किती वेळा ठरवलं! नाताळला ती करंज्या घेऊन यायची, दरवर्षी पहिला डबा आमचा. एकदा मी सुरुवातही केली. म्हटलं, "त्या दिवशी पेटीतून जे निघालं होतं ना, त्याबद्दल..." ती लगेच म्हणाली, "सर, त्या वचनावर तर मी उभी आहे. नाहीतर वेडी झाले असते." मी करंजी खाल्ली. सारण गोड होतं हे सांगितलं.

एकदा ठाकुर्लीच्या फलाटावर, दुपारी, बाकावर आम्ही दोघंच होतो. मुलगा आता समुद्रावर जात नाही, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जातो, देवळात मात्र येत नाही, असं ती सांगत होती. "माझ्यावर चिडलाय, सर. म्हणतो, तू सांगितलंस म्हणून मी गेलो आणि तो माणूस मेला. मी काय करू? मी तर वचन ऐकलं." तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. बाई, ते वचन तुमचं नव्हतं. एवढ्यानं मुलाचा राग तिच्यावरून उठून माझ्यावर आला असता, जिथे तो असायला हवा होता. मी म्हणालो, "प्रार्थना करत राहा." गाडी आली, ती चढली.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. निरोप आला, सरांना बोलावलंय. बायको रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आज तरी लांबण लावू नका."

ती उशीला टेकून होती, चेहरा अगदी लहान झालेला. मुलगा खिडकीशी उभा होता. मंडळीतल्या दोन बायका होत्या. मी खुर्ची ओढून बसलो, तिचा हात हातात घेतला. वाटेत रिक्षात शब्द जुळवून ठेवले होते. दोघांनाही ऐकू जाईल असं बोलायचं, मुलाच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं, हेसुद्धा ठरवलं होतं, आणि तसाच बसलो होतो.

तेवढ्यात एक बाई म्हणाली, "सर, प्रार्थना करा ना."

आणि मी केली. सगळ्यांनी डोळे मिटले, मुलगा सोडून. शब्द आले, नेहमीसारखे, एकामागून एक, चांगले. मी दया मागितली, शांती मागितली, क्षमासुद्धा मागितली, पण देवाकडे, आणि आम्हा सर्वांसाठी, कुणाचंही नाव न घेता. आमेन झालं. दोघी बायका डोळे पुसत होत्या. मुलगा माझ्याकडे बघत होता, पुढे काही आहे का, असं.

ती पुटपुटली, "सर, पोराला जवळ धरा. तुमचं ऐकतो तो."

"हो," मी म्हणालो.

"आणखी काही सांगायचं होतं का तुम्हाला? मघाशी वाटलं."

"नाही, नाही," मी म्हणालो. "तुम्ही पडून राहा."